भारंबे सरांचा अनुभव

भारंबे सरांचे आधी कान लाल व्हायचे आणि मग ते बोलायचे. आपल्याला ज्या गोष्टीत लाजण्यासारखं काही दिसणारही नाही, तिथं हा गृहस्थ शरमेनं अर्धमेला होई. हॉटेलात आपला चहा आधी आला आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस अजून ताटकळतोय असं दिसलं, की सर कप उचलून त्याच्यापुढं नेऊन ठेवत. धुळ्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली तर निम्म्या वाटेवरच्या एरंडोलपर्यंत स्वतः बसत आणि एरंडोल आलं की शेजाऱ्याला म्हणत, "आता तुम्ही या इकडं." शेजाऱ्याला कळायचंच नाही की या माणसाला झालं काय. तो बिचारा उन्हाच्या बाजूला येऊन बसायचा.

"मला शरम वाटते हो, भोळे," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. भोळे म्हणजे मी. ते ऐकलं की मी हसायचो. तेव्हा मी तरुण होतो, आणि लाज हा काही माणसांचा स्वभाव असतो, जसा काहींना घाम जास्त येतो, असं माझं मत होतं.

आमची ओळख झाली ती जळगावात. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं नवी पेठेत, बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांची शाखा उघडली होती. मी तिथं प्रोग्रामर होतो. वरणगावच्या फॅक्टरीतल्या कामगाराचा मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो याचंच घरी कौतुक होतं. काय काम करतो ते कोणी विचारत नसे, आणि मलाही सांगता आलं नसतं. कारखान्याची खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री आणि हिशेब, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणून बसवायचं, हा आमचा धंदा. पॅकेज परदेशात तयार झालेलं. ते इथल्या कारखान्याच्या अंगाला बसेल असं बेतून द्यायचं. काम शिंप्याचंच, पण आम्हाला म्हणायचे कन्सल्टंट.

शाखेचे प्रमुख होते दिवाण साहेब. बोलायला गोड, चालायला वेगवान. त्यांचा एक सिद्धांत होता. ज्याला कॉस्टिंग, म्हणजे मालाची पडती किंमत काढणं, येतं त्याला कॉम्प्युटर शिकवता येतो. पण ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला कॉस्टिंग शिकवेपर्यंत क्लायंट पळून जातो. म्हणून त्यांनी पेपरात जाहिरात दिली आणि त्या जाहिरातीला उत्तर म्हणून एक दिवस चाळिशी ओलांडलेले, टेरिकॉटच्या फुल शर्टातले, कॉलेजात कॉस्टिंग शिकवणारे भारंबे सर जिना चढून वर आले. दारात चपला काढून ठेवल्या. मी म्हटलं, "सर, इथं चपला घालून चालतं." तर कान लाल.

कायम नोकरीतला प्राध्यापक कॉलेज सोडून इथं कशाला आला, हे मला बरेच दिवस कळेना. ते त्यांनीच एकदा धुळ्याच्या एसटीत सांगितलं. इतकी वर्षं ते फळ्यावर एका काल्पनिक कंपनीचा कच्चा माल, मजुरी, कोळसा यांचे हिशेब मांडत आले होते. एकदा वर्गातल्या एका मुलीनं साधेपणानं विचारलं, "सर, बॉयलर केवढा असतो हो?"

सरांनी हात पसरून दाखवले. मग वाटलं कमी झालं, म्हणून आणखी पसरले. वर्ग हसला.

"भोळे, मी बॉयलर कधी पाहिलाच नव्हता. कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं. आणि शिकवत काय होतो? कारखान्याचा हिशेब!"

त्या रविवारी सर सायकल घेऊन एमआयडीसीत गेले आणि एका कारखान्याच्या वॉचमनला म्हणाले, "मला बॉयलर बघायचाय." वॉचमनला वाटलं, सरकारी इन्स्पेक्टर आले. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आतून सुपरवायझरला बोलावून आणलं. सरांनी बॉयलर पाहिला. तो त्यांच्या स्टाफरूमपेक्षा मोठा होता. सोमवारी वर्गात जाऊन त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "काल मी बॉयलर पाहिला. त्याच्या आधी जे शिकवलं ते न पाहता शिकवलं." वर्ग पुन्हा हसला. पण त्याच फेरीत सरांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. गोदामात कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसानं एक बटण दाबलं आणि कोणत्या मालाची काय किंमत पडली ते पडद्यावर आलं. जे शिकवायला सरांना फळा पुसून पुसून आठवडा लागायचा, ते तिथं उभं होतं. ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही.

घरी रण माजलं. त्यांचे थोरले भाऊ, नाना, बोदवडकडच्या गावाहून तडक आले. "काहून रे? सोन्यासारखी कॉलेजची नोकरी सोडून तू आता त्या डबड्यापुढं बसशीन?" सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भांडल्या नाहीत. पण पुढं वर्षभर त्या सगळ्या नातेवाइकांना "हे रजेवर आहेत" असंच सांगत राहिल्या. "तिला शरम वाटायची," सर म्हणाले, "आणि तिला शरम वाटते याची मला."

शिकायला ते चिवट होते. माऊस पहिल्यांदा हातात घेतला तो डस्टर धरावा तसा. पडद्यावरचा बाण कोपऱ्यात गेला की त्याच्यामागे सगळं शरीर वळायचं. कीबोर्डला हात लावण्याआधी हात धुऊन येत. आणि काही समजलं नाही की सरळ म्हणत, "मला समजलं नाही. परत सांगा." मी त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, पण शिष्यानं गुरूला विचारावं अशा आवाजात विचारत. दिवाण साहेबांना ते वाक्य मुळीच आवडायचं नाही.

"सर, आपल्या धंद्यात क्लायंटसमोर 'समजलं नाही' हा शब्द नसतो. 'तपासून सांगतो' म्हणायचं."

"पण तपासायला काय हवं तेच समजलं नसेल तर?"

"तरी तपासून सांगतो म्हणायचं."

मग धुळ्याचं काम आलं. सरकीचं तेल काढून शुद्ध करणारा मोठा कारखाना होता. मालकांना सगळे मोठे भाऊ म्हणत. त्यांची अट होती: अनुभवी माणूस पाहिजे. दिवाण साहेबांनी सरांचा बायोडाटा स्वतः बसून तयार केला. मी तो टाईप केला. त्यात सर कित्येक वर्षं कन्सल्टंट होते. त्यांनी वेगवेगळ्या राज्यांतल्या तेल कारखान्यांत हेच सॉफ्टवेअर बसवलं होतं. कॉलेजचा त्यात उल्लेखच नव्हता.

सरांनी कागद वाचला. परत वाचला. "हा कोण माणूस आहे?" त्यांनी विचारलं.

दिवाण साहेब हसले. "सर, हे पॅकेज देशात येऊनच किती काळ झाला? अनुभव कोणाकडेच नाही. सगळे असंच लिहितात. क्लायंटलाही ते ठाऊक असतं."

"ठाऊक असतं तर लिहायचं कशाला?"

"कारण न लिहिलं तर दुसऱ्या कंपनीला काम जातं."

सर खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस आता चपला घालणार आणि जिना उतरून जाणार. पण ते परत आले आणि म्हणाले, "धुळ्याला कधी जायचं?"

पुढं एकदा त्यांनीच मला सांगितलं, "लोकांना वाटेल, नोकरी सोडली होती, मुलगी इंजिनिअरिंगला होती, म्हणून गप्प बसलो. तसं नाही. मला ते काम करायचं होतं. तेलाचा कारखाना आतून बघायचा होता. हावरेपणा झाला माझा."

धुळ्याच्या पहिल्या बैठकीला दिवाण साहेबांनी त्यांना टाय बांधायला लावला. लॉजवर तो मी बांधून दिला. उन्हाळा, त्यात तो टाय. सर ओढून बांधलेल्या बैलासारखे मान ताणून चालत होते. बैठकीच्या खोलीत मोठे भाऊ, त्यांची माणसं, थंड सरबत. दिवाण साहेबांनी सरांची ओळख करून दिली, बायोडाटा पडद्यावर दाखवत, वर थोडा मसाला घालून. तेवढ्यात दार उघडून कारखान्याचा अकाउंट्स ऑफिसर आत आला. तिशीचा, सडपातळ, कपाळावर बारीक आठी असलेला माणूस. त्यानं सरांकडे पाहिलं आणि जागीच थांबला.

"सर!"

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले.

"ओळख आहे वाटतं?" दिवाण साहेबांनी घाईघाईनं विचारलं.

अकाउंट्स ऑफिसरनं एकदा सरांकडे, एकदा पडद्यावरच्या त्या भल्यामोठ्या अनुभवाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "जळगावात सरांना कोण ओळखत नाही?" आणि खुर्ची ओढून बसला.

त्याचं नाव रघुनाथ देवरे. धुळे तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, मामाकडे राहून जळगावला कॉलेज केलेला. त्या संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर सरांनी मला सांगितलं की ऐंशीच्या दशकात, परीक्षेला कॉपी हा जवळजवळ घरचा कारभार झाला होता तेव्हा, सर कॉपी पकडण्याबद्दल बदनाम होते. त्यांच्या वर्गावर सुपरव्हिजन लागलं की पोरं देवाला नारळ बोलायची. देवरेला त्यांनी कॉपी करताना पकडला होता. तो रडला नाही, हातापाया पडला नाही, नुसता बघत राहिला. तो रस्टिकेट झाला. त्याचे वडील गावाहून आले आणि कॉलेजच्या व्हरांड्यात बसून राहिले. सर बाहेर आले तेव्हा ते उठले. सरांना वाटलं, आता हा माणूस गयावया करणार.

"तर ते मला म्हणाले, 'बरोबर करं सर तुम्ही. चोरी ती चोरीच शे.' आणि पोराला घेऊन निघून गेले. भोळे, त्या माणसानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

देवरे पुढं बाहेरून पदवीधर झाला, याच कारखान्यात कारकून म्हणून लागला आणि स्वतःच्या बळावर वर चढला. सर ज्या वर्षी कन्सल्टंट होते असं आमच्या कागदावर लिहिलं होतं, त्या वर्षी ते त्याच्या वर्गावर शिकवत होते. हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानं हे कोणाजवळ काढलं नाही. रोज सकाळी "नमस्कार सर" म्हणायचा. मागू ती माहिती द्यायचा. दुपारी स्वतःच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा सरांपुढं सरकवायचा. सर चतकोर मोडून बाकीची परत सरकवायचे. वर्गात त्याला 'तू' म्हटलेलं, आता 'तुम्ही' म्हणावं तर ओठ अडखळायचे. मग सर कर्ताच गाळून बोलायचे. "तो स्टॉकचा कागद मिळेल का? बघितलं का ते?" असं. देवरेची केबिन टाळण्यासाठी ते सरकीच्या ढिगांना वळसा घालून, मागच्या बाजूनं रिफायनरीत जायचे. पायाला सरकीचा कापूस चिकटलेला असायचा.

आणि तरी ते खूश होते, हे सांगायलाच हवं. रिफायनरीत शिरले की वेगळेच दिसायचे. टाक्या, पाईप, वजनकाटा, तेलघाण्याचा तो उग्र वास, सगळ्याकडे जत्रेत आल्यासारखे बघायचे. "इतकी वर्षं फळ्यावर होतं हो हे सगळं," म्हणायचे. मग देवरे समोरून आला की चेहरा विझायचा.

अडलं ते घटीवर. कच्चं तेल शुद्ध करताना वजन घटतं. किती घटेल ते सरकीवर, हवामानावर, हातावर अवलंबून. आमचं परदेशी पॅकेज मात्र हटून बसलं होतं: जेवढं आत गेलं तेवढं बाहेर दाखवा. कधी तेल हवेत गेल्याचं दाखवायचं, कधी जादा आल्याचं. बैठकीत मोठ्या भाऊंनी हातातली बडीशेप तोंडात टाकली आणि सरळ विचारलं, "भारंबे साहेब, तुम्ही एवढ्या तेलमिलांत हे बसवलं ना? तिथं घटीचं काय केलं?"

सरांनी तोंड उघडलं. कान, मान, सगळं लाल. 'तपासून सांगतो' हे वाक्यसुद्धा फुटेना.

तेव्हा देवरे बोलला. "भाऊ, तिकडच्या मिला वेगळ्या. त्यांची सरकी वेगळी. सरांनी तिकडं केलं ते इथं लागू नाही पडणार. आपलं आपल्याला नव्यानं बसवावं लागेल." इतक्या सहज, इतक्या खात्रीनं, की मोठ्या भाऊंनी मान हलवली आणि विषय पुढं गेला.

बैठक संपल्यावर सर व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते. मी म्हटलं, "वाचलो, सर."

ते माझ्याकडे वळले. "भोळे, त्यानं मला कॉपी पुरवली," ते म्हणाले. "भर परीक्षेत. आणि मी घेतली."

जेवणाची सुट्टी संपायच्या आत ते मोठ्या भाऊंच्या केबिनकडे निघाले. मी मागोमाग. आत देवरे काही कागदांवर सह्या घेत उभा होता. सर दारातूनच म्हणाले, "भाऊ, मी याआधी कुठंही हे काम केलेलं नाही. एकाही मिलमध्ये नाही. मी कॉलेजात मास्तर होतो. कागदावर लिहिलंय ते खोटं आहे."

मोठे भाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी विचारत कोणाला होतो?"

"एका मास्तरला, भाऊ."

सरांच्या चेहऱ्यावर मी त्या क्षणी जी सुटका पाहिली ती विसरता येत नाही. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखे ते श्वास घेत होते. आणि तेवढ्यात मोठ्या भाऊंची नजर फिरली.

"रघुनाथ, तू जळगावच्याच कॉलेजात होतास ना? यांच्या हाताखाली?"

देवरेनं सह्यांचे कागद मिटले.

"तुला ठाऊक होतं."

"हो, भाऊ."

"आणि सकाळी माझ्यासमोर बसून तू यांना सांभाळून घेतलंस. माझं खातोस आणि मलाच बनवतोस?"

सर पुढं झाले. "भाऊ, त्यांचा काही दोष नाही, ते फक्त—"

"तुम्ही बसा मास्तर. तुमचं झालंय सांगून."

दुसऱ्या दिवशी देवरेला भाऊंच्याच दोंडाईचाच्या कापूस जिनिंगवर पाठवून दिलं. पदही गेलं, धुळ्याचं बिऱ्हाड मागं ठेवून एकट्यानं राहायची वेळ आली. दिवाण साहेब धावत आले, हात जोडले, पुण्याहून दुसरा कन्सल्टंट आणून देतो म्हणाले, आणि काम कसंबसं वाचवलं. सरांना जळगावच्या ऑफिसात आणून बसवलं. त्यांच्याकडे काही काम नव्हतं. दिवाण साहेब ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "खरं बोलायचं होतं तर मला सांगून बोलायचं होतंत. नाक कापलंत आमचं." सर म्हणाले, "हो."

एका रविवारी ते माझ्या खोलीवर आले. "देवरेच्या घरी जायचंय. एकट्यानं जाववत नाही." देवरे सुट्टीला दोंडाईचाहून घरी येत असे. धुळ्यात देवपूरला दोन खोल्यांचं घर. ओट्यावर खाटेवर त्याचे वडील बसले होते. आता खूप थकलेले, पण सरांना त्यांनी लगेच ओळखलं. "या सर," म्हणाले आणि खाटेवर जागा करून दिली.

देवरेच्या बायकोनं चहा आणला. सर कप हातात धरून बसले. मग म्हणाले, "रघुनाथ, मी माफी मागायला आलोय. मला वाटलं नव्हतं की तुझ्यावर येईल." इतक्या दिवसांत पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

देवरे समोरच्या भिंतीकडे बघत होता. "सर, बोलायच्या आधी मला एकदा विचारायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो."

"तुम्हाला वाचव म्हणून मला सांगितलं नव्हतं कोणी. मी माझ्या मनानं बोललो. पण मग ते माझं पण झालं होतं ना? तुम्ही बठ्ठं सांगी टाकं, सगळंच, आणि मोकळे झाले." त्याचा आवाज चढला नाही. "पहिल्यांदा चूक माझी होती. मी कधी तुम्हाला बोल लावला नाही. कोणालाही विचारा. पण या वेळी काय चुकलं माझं?"

सरांनी त्याच्या वडिलांकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. म्हातारा खाटेच्या दोरीवर बोट फिरवत होता.

"तवय तुमनं बरोबर व्हतं, सर," तो म्हणाला. "आते नई."

सरांनी चहा संपवला. टाकून येणं त्यांना जमलं नसतं. उठले, नमस्कार केला. देवरे फाटकापर्यंत पोचवायला आला, तेवढी रीत त्यानं पाळली.

परतीच्या एसटीत सरांनी पारोळा मागं पडू दिलं. मग म्हणाले, "भोळे, मला वाटायचं खरं बोललं की शरम संपते. मी त्याला साधं विचारलंसुद्धा नाही. माझीच घाई होती मला." त्या दिवशी मी हसलो नाही.

पुण्याहून आलेला कन्सल्टंट हुशार होता. टाय त्याला शोभायचा. पण घटीचं कोडं त्यालाही सुटेना आणि ते सुटत नाही हे तो कबूलही करेना. प्रत्येक बैठकीत 'तपासून सांगतो.' शेवटी मोठ्या भाऊंनीच दिवाण साहेबांना फोन केला. "तो मास्तर पाठवा. येत नाही तेव्हा येत नाही म्हणतो तरी."

सर म्हणाले, देवरेला परत आणलं तरच येतो. आयुष्यात त्यांनी कोणाला अट घातली असेल ती ही एकच. मोठे भाऊ दोन दिवस कुरकुरले आणि कबूल झाले. देवरे धुळ्याला आला, पहिल्याच पदावर, पहिल्याच केबिनमध्ये.

मी तिथं होतो. सर सकाळपासून अस्वस्थ, दहादा शर्ट नीट करत होते. देवरे आत आला, हसला, हात पुढं केला आणि म्हणाला, "नमस्कार, भारंबे साहेब."

सरांनी हात मिळवला. बस, एवढंच झालं. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसलंही नसतं.

त्यानंतर त्या दोघांनी जसं काम केलं तसं मी पुढं मोठमोठ्या शहरांत, मोठमोठ्या लोकांचंही क्वचित पाहिलं. प्रत्येक घाण्याला थांबून, वजनं घेऊन, हंगामागणिक घट वेगळी धरून त्यांनी ते हट्टी पॅकेज वठणीवर आणलं. सर बैठकीत मोकळेपणानं म्हणायचे, "हे मला माहीत नाही," आणि कोणाचं काही बिघडायचं नाही. देवरे त्यांना शंका विचारायचा, त्यांची बाजू भाऊंपुढं मांडायचा, डबाही पुढं करायचा. सगळं होतं. फक्त 'साहेब' म्हणायचा. एकदा मला राहवलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, सर म्हणा की आता. त्यांना लागतं ते."

देवरे विचार करून म्हणाला, "साहेबांचं काम फार चांगलं आहे, भोळे. मनापासून सांगतो." आणि आपल्या केबिनमध्ये निघून गेला.

सरांना मी ते सांगितलं नाही. पण त्यांनीच एकदा विषय काढला. "तो बरोबर करतोय," म्हणाले. "सर म्हणायला लावता येत नाही कोणाला."

त्यानंतर सर या धंद्यात बरीच वर्षं राहिले. साखर कारखाने, सूतगिरण्या, कुठं कुठं जाऊन आले. आता त्यांचा बायोडाटा कोणाला लिहून द्यावा लागत नव्हता. मी धुळ्याचं काम संपताच बंगळूरला नोकरी धरली, पत्रं काही दिवस चालली, मग थांबली. ते गेल्याचं मला खूप उशिरा, एका जुन्या सहकाऱ्याच्या फोनवर कळलं. मी सरांना शेवटचं पाहिलं ते धुळ्यातच, काम पुरं झालं त्या दिवशी.

कारखान्यात समारंभ होता. कॉम्प्युटरला हार घातला होता, कुंकू लावलं होतं. मोठे भाऊ खुशीत होते. फोटोग्राफर माणसं रांगेत उभी करत होता आणि मधली जागा सरांसाठी ठेवली होती. सर कुठंच दिसेनात. देवरे म्हणाला, "इथंच होते आत्ता." मी वरच्या मजल्यावर बघायला गेलो. तिथल्या खिडकीतून कारखान्याचं फाटक आणि पलीकडचा हमरस्ता दिसायचा.

सर रस्त्याच्या कडेला बॅग घेऊन उभे होते. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जळगावकडे जाणारी एसटी लांबून येताना दिसली. सरांनी हात वर केला. गाडी रिकामीच होती, पण ती थांबली नाही. धूळ उडवत पुढं निघून गेली. सरांचा हात तसाच वर राहिला होता. मग त्यांनी तो हळूच खाली आणला, डोक्यावरून फिरवला, जणू केस नीट करायलाच वर नेला होता. आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं, आणि मग वळून वर कारखान्याच्या खिडक्यांकडं बघायला लागले.

मी पटकन मागं सरकलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. खालून फोटोसाठी हाका येत होत्या. पुढची गाडी थांबून निघाल्याचा आवाज ऐकल्यावरच मी खाली उतरलो.